बारा लेनची जबाबदारी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा शहाडला आमच्या चाळीत आईने पेढे वाटले, आणि पुढच्याच महिन्यात मी ठाण्याच्या एका मॉलमध्ये लोकांना भाड्याचे बूट द्यायच्या कामाला लागले. मामा म्हणाला, "ग्रॅज्युएट होऊन लोकांच्या चपला सांभाळणार?"

"चपला ते माझ्याकडे ठेवतात. मी बूट देते. बोलिंगचे."

"म्हणजे टाकतेस काय? स्पिन की फास्ट?"

हा विनोद चाळीत वर्षभर चालला. मी मनावर घेतला नाही, कारण पहिल्या दिवशी मलाही त्या खेळातलं काही कळत नव्हतं. साठ फूट लांब गुळगुळीत पट्टी, तिला लेन म्हणायचं. टोकाला दहा पिना त्रिकोणात उभ्या. जड बॉल सोडायचा आणि पिना पाडायच्या. पाडल्या की मागचं मशीन खडखड करत त्या उचलतं आणि परत उभ्या करतं. आमच्या हॉलमध्ये अशा बारा लेन होत्या. शनिवार-रविवारी वाढदिवसाच्या पार्ट्या, बाकीचे दिवस सामसूम.

त्या सामसुमीतूनच आमची स्पर्धा निघाली. सोमवारी सकाळी हॉल रिकामा असतो, तर तेव्हा नेहमी येणाऱ्या खेळाडूंची मॅच लावू, असं आमच्या मॅनेजरला सुचलं. पहिल्या वर्षी आठ जण आले. बहुतेक बाळकुमच्या नव्या सोसायट्यांमधले, आणि एक डोंबिवलीची ताई. ती बँकेत होती, रजा टाकून यायची. बक्षिसाचा कप मी कल्याणहून आणला. दुकानदाराकडे क्रिकेटचे कप होते, कॅरमचे होते, कबड्डीचेही होते. बोलिंग म्हटल्यावर त्याने बॅट्समनचा पुतळा असलेला कप काढला आणि विचारलं, "बॅट कापून देऊ का?" दिली त्याने कापून. डोंबिवलीच्या ताईने तो बिनबॅटचा बॅट्समन जिंकला आणि दोन्ही हातांनी वर धरून फोटो काढला.

दुसऱ्या वर्षी कल्याणच्या एका छोट्या हॉलने विचारलं, एक फेरी आमच्याकडे घ्या ना. त्यांच्याकडे चारच लेन, त्यातल्या एकीवर पिना अडकायच्या, मग तिथला माणूस काठी घेऊन आत शिरायचा. तरी मजा आली. पुढे तो हॉल बंद पडला, तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. मग डोंबिवलीला एक नवा हॉल निघाला, तो जोडला गेला. असं करत फेऱ्यांची मालिका झाली. गुणांचा तक्ता मी वहीत लिहायचे, नंतर कॉम्प्युटरवर. आज कुणी मला विचारलं की ही स्पर्धा कशी वाढली, तर मी सांगू शकते, कारण सगळे तक्ते माझ्या हातचे आहेत.

पण बूट आणि तक्ते यांच्यात माझा जीव रमत नव्हता. मला पिनांच्या मागे काय चालतं ते बघायचं होतं. तिथे सगळा स्टाफ ज्यांना काका म्हणायचा ते असायचे, दिवा स्टेशनजवळ राहणारे मेकॅनिक. आधी ते छपाईच्या कारखान्यात मशीनवर होते. लेनवर पाय ठेवण्याआधी ते वाकून हात लावायचे आणि कपाळाला न्यायचे. बूट काढलेले, पायात काळे मोजे. मी पहिल्यांदा मागे गेले तेव्हा म्हणाले, "पोरी, ओढणी बांध. हे मशीन माणूस बघत नाही."

काकांना मशीन यायचं, पण त्याचं पुस्तक इंग्रजीत. मला इंग्रजी यायचं, पण मशीन नाही. मग रोज जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक वाचून मराठीत सांगायचे आणि ते तो भाग उघडून दाखवायचे. "इथे लिहिलंय, पट्टा सैल झाला की पिन तिरकी बसते." "ते तर मला बारा वर्षं माहितीये," काका म्हणायचे, "पण का बसते ते आज कळलं." त्या दोन वर्षांत मी जे शिकले ते कॉलेजच्या तीन वर्षांत शिकले नव्हते. आणि कॉलेज केलं नसतं तर हेही शिकले नसते, हे मी मामाला ठणकावून सांगते.

सगळ्यात अवघड काम तेलाचं. लेनवर तेलाचा अतिशय पातळ थर असतो. डोळ्याला दिसत नाही, पण बॉल कुठे सरळ जाणार आणि कुठे वळणार हे तो ठरवतो. पार्टीवाल्यांना काही फरक पडत नाही. मुरलेल्या खेळाडूला मात्र एका बॉलमध्ये कळतं की आज तेल नीट पडलेलं नाही. त्याच्याही आधी असतो तो अ‍ॅप्रोच, म्हणजे लेनच्या अलीकडची लाकडी जागा, जिथे खेळाडू चार-पाच पावलं येतो आणि शेवटचं पाऊल घसरत नेऊन बॉल सोडतो. तिथे तेल नको, पाणी नको, धूळ नको. चिकट झालं तर माणूस तोंडावर आपटतो, जास्त गुळगुळीत झालं तर पाठीवर. काही खेळाडू बुटाला गुपचूप टाल्कम लावतात, पाय छान घसरावा म्हणून. त्याला सक्त मनाई. ती पाटी मी माझ्या अक्षरात लिहून बुटांच्या काउंटरवर लावली होती: "कोणत्याही प्रकारची पावडर लेनजवळ नेऊ नये."

मग ते वर्ष आलं. आमच्या मालिकेला मोठे प्रायोजक मिळाले आणि ती व्यावसायिक झाली. बेंगळुरू, दिल्ली, कोलकात्याहून खेळाडू येणार, चाकांच्या बॅगांतून स्वतःचे तीन-तीन बॉल घेऊन. मालिकेचे नवे संचालक पुण्याचे, वयस्कर, शांत बोलणारे. ते पाहणीला आले तेव्हा मॅनेजरने सांगितलं, लेनची जबाबदारी हिच्याकडे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आपलं शिक्षण?"

"बी.कॉम."

"आणि लेनचं?"

"माझ्याकडे झालंय," काका मागून म्हणाले.

संचालक हसले नाहीत. ते म्हणाले, "हे पाहा, एरवी मी माझा माणूस बाहेरून आणतो. इथे ही मालिका जन्मली म्हणून पहिली फेरी तुम्हाला देतो आहे. लेनमध्ये दोष निघाला, तर ही फेरी अर्धवट उचलून दुसऱ्या शहरात नेईन, आणि अंतिम फेरीही तिकडेच जाईल. मग पुन्हा ठाण्याला यायचं कारण राहणार नाही." स्पष्ट होतं सगळं. मला स्पष्ट माणसं आवडतात. मी म्हटलं, "चालेल सर."

पुढचे पंधरा दिवस मी त्या बारा लेनवर गुडघे टेकून काढले.

आता आईचं सांगते. आई चौथीपर्यंत शिकली, पण शहाडपासून उल्हासनगरपर्यंत तिच्या रांगोळीला मागणी आहे. दुकानाचं उद्घाटन असो, वास्तुशांत असो, ती पहाटे पिशवी घेऊन जाते आणि दोन तासांत गालिच्यासारखी रांगोळी घालून येते. चिमटीतून सुटलेली रेघ सुरुवातीला जेवढी बारीक तेवढीच शेवटाला. पण माझ्या हॉलमध्ये ती कधी आली नव्हती. "मॉलमध्ये आमचं काय काम?" एवढंच म्हणायची. मला वाटलं, आपल्या हॉलचा एवढा मोठा दिवस, बाहेरगावचे पाहुणे, तर स्वागताची रांगोळी आईचीच हवी. म्हणजे ती हॉलही बघेल आणि मी काय करते तेही.

"दारात घालू?" आईने विचारलं.

"दारात सगळे तुडवतील गं. आत घाल. खेळाडू बसतात तिथून लेनकडे जायची वाट आहे ना, तिथे. मॅच टीव्हीवर दाखवणारेत, त्यातही दिसेल."

जागा मी दाखवली. हे मुद्दाम लिहून ठेवते.

आईने सकाळी आठला सुरुवात केली. पांढऱ्या वेली, मधे मोठं कमळ, पाकळ्यांना गुलाबी. काका येऊन बघून गेले, म्हणाले, "वहिनी, आमच्या मशीनला एवढी सरळ रेघ जमत नाही." आई खूश. मी तर हवेतच होते. नऊला खेळाडू यायला लागले. आमच्याकडचे होते ते रांगोळी बघून थांबले, बाजूने वळसा घालून गेले, ताईने तर रांगोळीला नमस्कार केला. बाहेरचे पाहुणे मोबाइलवर फोटो काढत मधूनच गेले, आणि त्यांच्यामागे त्या जड बॉलच्या बॅगा, चाकं फिरवत, कमळाच्या पाकळ्यांवरून. आईचा चेहरा जरा पडला. मी म्हटलं, "जाऊ दे गं, त्यांना माहीत नसतं." वरून एसीचा झोत होता तो वेगळाच.

सरावाची वेळ सुरू झाली. डोंबिवलीची ताई पाच नंबरच्या लेनवर गेली. चार पावलं नीट पडली. पाचवं पाऊल घसरलं ते थांबेचना. ती फाउल लाइन, म्हणजे लेन सुरू होते तिथली रेघ, ओलांडून थेट तेलावर गेली आणि बसलीच. बॉल लेनच्या कडेच्या गटारात. आम्ही सगळे धावलो. तिने मनगट हलवून दाखवलं. "काही नाही झालं. पण अरे, आज अ‍ॅप्रोच आहे की बर्फ?"

तोवर सात नंबरवर दुसऱ्याचा पाय सटकला.

संचालकांनी हात वर करून सराव थांबवला. ते सावकाश खाली बसले, लाकडावरून बोट फिरवलं आणि वर धरलं. बोटावर पांढरं.

"टाल्कम," ते म्हणाले. "कोणी वापरलं?"

त्यांनी बॅगा उघडायला सांगितल्या. कोलकात्याहून आलेल्या एका तरुण खेळाडूच्या बॅगेत पांढरी पुडी निघाली, हात कोरडे राहावेत म्हणून असते ती. तो घाबरून म्हणाला, "सर, ये सिर्फ हाथ के लिए है. मैंने खोला भी नहीं." मागून एकजण कुजबुजला, "सगळे असंच म्हणतात." संचालक पुडी हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिले. त्याची पहिलीच मोठी स्पर्धा होती. बाद झाला असता तर नाव खराब होऊन घरी गेला असता.

आई माझ्या बाजूला उभी होती. ती माझ्या कानाशी म्हणाली, "अगं, त्यांच्या बोटाकडे बघ. त्यात गुलाबी आहे."

मी पाहिलं. पांढऱ्यात गुलाबी कण.

"माझा रंग आहे तो," आई म्हणाली.

मला खरंच सांगता येत नाही की हे माझ्या लक्षात आधी का आलं नाही. पावडर नेऊ नये ही पाटी मीच लिहिलेली. लोकांचे खिसे तपासायचे मीच. आणि आठ किलो दगडाची भुकटी मी स्वतः लेनच्या तोंडाशी घालून घेतली, कारण माझ्या डोक्यात ती भुकटी नव्हतीच. रांगोळी म्हणजे रांगोळी. सणाला असते, शुभ असते, ती कुणाला पाडेल असं आमच्याकडे कुणाच्या मनातही येत नाही. काकांच्या आलं नाही, मॅनेजरच्या आलं नाही, ज्या ताईने नमस्कार केला तिच्याही आलं नाही.

गप्प बसले असते तर चाललं असतं का? क्षणभर विचार आला, तो लपवत नाही. मग मी पुढे झाले.

"सर, ते टाल्कम नाही. रांगोळी आहे. मी घालायला सांगितली, जागा मी दाखवली. या मुलाची काही चूक नाही."

संचालकांनी ती पुडी त्या मुलाला परत दिली. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही लेनच्या प्रमुख आहात."

"हो सर."

"म्हणजे दोष लेनमध्ये नाही, प्रमुखात आहे."

"हो सर. मला दोन तास द्या. बाराला अ‍ॅप्रोच तपासा. पास झाले नाहीत तर मी स्वतः सामान बांधायला मदत करते."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "बारा. एक मिनिटही वर नाही."

हाउसकीपिंगची एक बाई ओला पोछा घेऊन धावत आली. आईने तिला तिथेच अडवलं. "पाणी नको! चिखल होईल, लाकडाच्या रेघांत बसेल. मग खरवडूनही निघायचा नाही." झाडूही नको म्हणाली, धूळ उडून परत तिथेच बसते. ती आपल्या पिशवीकडे गेली आणि खाली अंथरायला आणलेलं जुनं सुती लुगडं काढलं. टराटरा फाडून त्याचे तुकडे केले. "पुसायचं नाही. टिपायचं. घडी दाबायची, उचलायची, बाहेर नेऊन झटकायची. तीस वर्षं लोकांच्या फरशीवरून मी अशीच काढते, उगाच नाही परत बोलावत."

आई अ‍ॅप्रोचवर अनवाणी निघाली तेव्हा काका ओरडले, "वहिनी, पाय! घामाचे पाय चालत नाहीत इथे!" आणि आपल्या बॅगेतले धुतलेले काळे मोजे काढून दिले. आई म्हणाली, "पुरुषाचे मोजे घालू का आता?" "घाला, वहिनी. माझे मोजे लेनवर ठाण्यात सगळ्यात जास्त चाललेत." सगळे हसले, संचालक सोडून.

आधी उरलेली रांगोळी आईने स्वतः उचलली, सुपलीत भरून. मग आम्ही ओळीने बसलो. आई, मी, हाउसकीपिंगच्या दोघी, आणि थोड्या वेळाने डोंबिवलीची ताई, मनगटाला रुमाल बांधून. मी म्हटलं, "ताई, तुम्ही खेळाडू आहात." ती म्हणाली, "या मालिकेचा पहिला कप माझ्याकडे आहे. ती इथून जायची असेल तर मला विचारून जाईल." कोलकात्याचा मुलगा पण येऊन बसला. आईने त्याला दाखवलं, दाब, उचल. त्याला मराठी येत नव्हतं, आईला बंगाली नाही, पण त्याचा हात लगेच बसला. "हा करेल नीट," आई म्हणाली, "हात हलका आहे."

टिपून झालेल्या अ‍ॅप्रोचवर मी स्पिरिटच्या फडक्याने हात फिरवत गेले, लाकडाच्या रेघेच्या दिशेने, कधीच आडवा नाही. काकांनी तेलाचं मशीन काढलं आणि सगळ्या लेनचं जुनं तेल काढून नवं घातलं, कारण भुकटी पुढेही गेली असणार. त्या कामात मी त्यांना एकदाही पुस्तक वाचून दाखवलं नाही. दोघांनाही पाठ होतं.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना मी संचालकांना बोलावलं. काकांनी आपल्या पायातला काळा मोजा काढला, हातात चढवला आणि एक नंबरच्या अ‍ॅप्रोचवरून दाबून ओढला. सर्वांसमोर उलटा करून दाखवला. काळा तो काळाच. मग दोन नंबर, मग तीन. बारापर्यंत. पाच नंबरवर संचालकांनी मोजा स्वतः हातात घेतला आणि दोनदा ओढला. मग त्यांनी आपले बोलिंगचे बूट चढवले, चार पावलं आले आणि पाचवं घसरवून फाउल लाइनच्या बोटभर अलीकडे थांबले. त्यांच्या वयाच्या मानाने फार सुंदर थांबले. आई पटकन म्हणाली, "वा!" आणि तोंडावर पदर धरला.

संचालक माझ्याकडे आले. "तुम्ही मघाशी बोलला नसतात, तर तो मुलगा आज घरी गेला असता आणि मला तुमची चूक कधीच कळली नसती."

"माहितीये सर."

"मला लेनवर चुका न करणारे पुष्कळ भेटतात," ते म्हणाले. "चूक झाल्यावर पाटी आपल्या गळ्यात घालून घेणारे भेटत नाहीत. फेरी इथेच होईल. अंतिम फेरीचं मी समितीला आजच कळवतो, तीही इथे. फक्त आईंना सांगा, त्यांची रांगोळी मला मॉलच्या बाहेरच्या पायऱ्यांवर हवी आहे. दरवर्षी."

आईने ते ऐकलं होतं. तिने काकांचे मोजे नीट घडी करून त्यांच्या बॅगेवर ठेवले.

फेरी सुरू करण्याआधी लेनचं एक पत्रक भरावं लागतं. तेल कधी घातलं, अ‍ॅप्रोच कधी तपासला, काय दोष आढळला, काय केलं. संचालकांनी ते माझ्यासमोर ठेवलं. दोषाच्या रकान्यात मी लिहिलं: लेनप्रमुखाच्या सूचनेवरून अ‍ॅप्रोचजवळ रांगोळी घालण्यात आली. काका खांद्यावरून बघत होते. पत्रक इंग्रजीत होतं, म्हणून मी मोठ्याने मराठीत वाचून दाखवलं.

"असं स्वतःविरुद्ध लिहून देतात का कुणी?" ते म्हणाले.

"आपण देतो," मी म्हटलं, आणि खाली सही केली. पूर्ण नाव, पुढे बी.कॉम. पहिल्यांदाच कुठल्या कामाच्या कागदावर मी ते लिहिलं. मग काकांना हात केला, आणि त्यांनी बाराही लेनवर पिना खाली सोडल्या.